जाम झालेले ब्रेक : बळापेक्षा धीर महत्त्वाचा

नाशिकहून मुंबईकडे निघालेल्या मोटारीच्या ब्रेकची खरी परीक्षा कसारा घाटाच्या उतारावर होते. एका चाकाचा ब्रेक नीट लागत नसेल किंवा लागल्यावर सुटत नसेल, तर गाडी एका बाजूला ओढली जाते. यामागे पुष्कळदा गंजून जाम झालेला एखादा लहानसा भाग असतो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर परिसरातील पावसात भिजून नंतर हँडब्रेक ओढून कित्येक दिवस उभी राहिलेली गाडी या दोषाला लवकर बळी पडते. घरीच ब्रेकचे काम करणाऱ्यांनी अशा वेळी पुढील काळजी घेणे आवश्यक आहे.

पूर्वतयारी : गाडी सपाट जागी उभी करून दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच सैल करावेत. केवळ जॅकवर विसंबून न राहता मजबूत स्टँड लावावा. ब्रेकमधील धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते.

ड्रम : मागचा ड्रम निघत नसल्यास हँडब्रेक सोडलेला आहे याची प्रथम खात्री करावी. अनेक मोटारींच्या ड्रमवर आटे पाडलेली दोन छिद्रे असतात. त्यांत योग्य मापाचे (बहुधा ८ मिलिमीटरचे) बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळल्यास ड्रम मोकळा होतो. कडेवर हातोडा मारल्यास बिडाचा ड्रम तडकू शकतो.

बोल्ट व पिना : गंज सोडविणारे तेल आट्यांवर सोडून शक्यतो रात्रभर थांबावे. सहा पैलूंचा पान्हा वापरून बोल्ट किंचित सैल, किंचित घट्ट असा फिरवत सोडवावा. तेल पॅड, लायनर वा डिस्कला लागू देऊ नये. आच देणे टाळावे. रबर जळते व ब्रेक ऑइल पेट घेऊ शकते. कॅलिपरच्या सरकत्या पिना स्वच्छ करून ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावावे. रॉकेल किंवा इंजिन ऑइलने ब्रेकमधील रबर फुगते.

कोठे थांबावे : पिस्टन दाबूनही मागे जात नसेल, त्यावर गंजाचे खड्डे असतील किंवा ब्रेकमधील हवा काढण्याचे निपल तुटले असेल, तर घरगुती दुरुस्ती तेथेच संपवून जाणकार मेकॅनिककडे काम सोपवावे.

गंज आतूनही धरतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ४’ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये हे ऑइल उकळल्यास पेडल थेट तळाला जाते. त्यामुळे साधारणपणे दर दोन वर्षांनी ते बदलणे हिताचे ठरते.

काम संपल्यावर पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे, गळती तपासावी आणि मोकळ्या सपाट रस्त्यावर मंद गतीने चाचणी घ्यावी. तेथे गाडी सरळ थांबत नसेल, तर ती घाटात नेऊ नये.