काचेच्या गर्भातील प्रकाशमार्ग

प्रकाश सरळ रेषेत जातो हे खरे असले, तरी अधिक अपवर्तनांकाच्या पदार्थाला कमी अपवर्तनांकाचे वेष्टन लाभले म्हणजे तो आतल्या आत परावर्तित होत वळणानेही नेता येतो, हे जिनिव्हाच्या डॅनियल कोलाडन यांनी १८४२ साली, पाण्याच्या वक्र धारेत प्रकाश खेळवून केलेला प्रयोग प्रसिद्ध करून, निदर्शनास आणले. आणि पुढे ऑप्टिकल फायबरचा जो अफाट कारभार उभा राहिला, तो याच नियमाच्या आधारावर. परंतु फायबर ओढून तयार करावी लागते आणि सपाट चकतीवरील प्रकाशमार्ग थरावर थर चढवून. तयार झालेल्या अखंड काचेच्या पोटात, पृष्ठभागाला धक्का न लावता, असा मार्ग आखण्याची विद्या ज्या घराण्यात जन्मली, ते काच घडविणाऱ्यांचे नव्हे, तर लेझरने पदार्थाला इजा कशी होते याची फिकीर वाहणाऱ्यांचे होय.

लेझरच्या झोताची शक्ती वाढवू जावे, तर ज्या माध्यमात ती वाढवावयाची त्यालाच तो जायबंदी करी. यावर १९८५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातील डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी अशी तोड काढली, की प्रकाशाचा स्पंद आधी ताणून सौम्य करावा, मग वाढवावा आणि शेवटी पुन्हा आकसावा. या युक्तीने पुढे सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाहूनही अल्पजीवी, तरीही महाप्रखर स्पंद हाती आले.

या स्पंदांतील अवरक्त प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा सुमारे दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि प्रकाश शोषण्यास शुद्ध सिलिका काचेला लागतात जवळजवळ नऊ. त्यामुळे एरवी तो कण काचेतून निर्वेधपणे पार होतो. मात्र एकाहून अधिक कण एकाच क्षणी शोषले जाऊ शकतात, हे मारिया गेपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये गणिताने दाखविले होते. भिंगाने झोत जेथे एकवटतो, त्या बिंदूपाशीच सहा-सहा कणांची अशी दाटी होते, आणि वरची काच निर्धास्त राहते.

१९९६ मध्ये जपानच्या काझुयुकी हिराओ यांनी डेव्हिस, मिउरा आणि सुगिमोतो या सहकाऱ्यांसह असे स्पंद काचेच्या आत एकवटून रेषा आखल्या. त्यांनी त्या रेषांची नोंद हानी म्हणूनच केली. परंतु मोजणीत त्या जागी सिलिकाचा अपवर्तनांक ०.०१ ते ०.०३५ इतका वाढलेला आढळला, म्हणजे प्रकाशाला कोंडून नेण्यास जे हवे तेच या इजेने सिद्ध केले होते. २००९ पर्यंत ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधील संशोधकांनी अशा मार्गांतून एकेक प्रकाशकण नेऊन क्वांटम परिपथ चालविले.

लेझरची ही लेखणी एका वेळी एकच रेषा ओढते. म्हणून घाऊक उत्पादनात, सपाट थरांवर मार्ग उमटविणाऱ्या लिथोग्राफीचा अंमल अद्याप अबाधित आहे. मात्र जेथे मार्गाला खोलीतही वळावयाचे असते, तेथे सपाट थरांची ती वहिवाट अपुरी पडते, आणि कालपर्यंत दोषांच्या खात्यात मांडलेली ही करामत त्या कामाची सनद घेऊन उभी राहते.