'ग्रीनस्लीव्ह्ज'चा कर्ता कोण?

'ग्रीनस्लीव्ह्ज'ची चाल आठव्या हेन्रीने ॲन बोलीनसाठी रचली, ही दंतकथा आम्हां साहित्याच्या अध्यापकांनाही मोह घालते. निनावी रचनेला राजाश्रय दिला की ती प्रतिष्ठित होते ना! परंतु हेन्री वारला १५४७ मध्ये. या नावाच्या गीताची पहिली ज्ञात नोंद १५८० ची, लंडनच्या स्टेशनर्स कंपनीच्या दप्तरातली, आणि ती करणारा रिचर्ड जोन्स हा मुद्रक. शिवाय चालीखालची स्वरसंगतींची बांधणी इटालियन नृत्यसंगीतातून आलेली. 'द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'मध्ये शेक्सपिअर तिला स्तोत्राच्या विरोधात उभी करतो, यावरून तिची लौकिक ख्याती कळते. प्लेफर्डने १६५१ मध्ये सुरू केलेल्या 'द डान्सिंग मास्टर' या नृत्यपुस्तकाच्या १६८६ च्या आवृत्तीत ती फिडलवर वाजणाऱ्या समूहनृत्यांच्या चालींत जाऊन बसली. तिथे तिच्या नावाला राजा नव्हे, 'पुडिंग पाइज' जोडलेले आहेत.