पहिली ओव्हर: झहीर खान मोठ्या मॅचचा बॉलर होता का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय क्रिकेटचा आहे, पण भांडण सुरू झालं बास्केटबॉलवरून. मे महिन्यात मी श्रीरामपूरला मामांकडे गेलो होतो. मामांचा मुलगा सतरा वर्षांचा. सकाळी सहालाच मोबाईलवर एनबीएचे प्लेऑफ लावून बसलेला. मी पण शेजारी जाऊन बसलो आणि नेहमीचा वाद निघाला, जॉर्डन मोठा की लेब्रॉन. त्याचं म्हणणं, जॉर्डन सहा फायनल खेळला आणि सहाही जिंकला. लेब्रॉन दहा खेळला, जिंकला चारच. आणि २०११ च्या फायनलमध्ये डॅलसविरुद्ध चौथ्या मॅचला लेब्रॉनने किती पॉइंट केले? फक्त ८. मी म्हटलं, अरे पण २०१६ ला ३-१ ने मागे पडून क्लीव्हलँडला त्यानेच जिंकवलं ना?

मामा चहा घेऊन आले. त्यांना बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे आपला झहीरच की. फायनल आली की हातपाय गळतात."

झालं. लेब्रॉन राहिला बाजूला.

दोन पिढ्या, दोन ओव्हर

मामांनी २००३ ची फायनल कॉलेजच्या वयात बघितली. त्यांच्यासाठी झहीर खान म्हणजे वाँडरर्सवरची पहिली ओव्हर. मी तेव्हा बालवाडीत होतो. माझ्यासाठी झहीर म्हणजे २०११, वानखेडे, ओळीने तीन मेडन. आणि मामांच्या मुलासाठी? तो आयपीएलमधला डगआउटमध्ये बसलेला मेंटॉर. फार तर राजस्थानच्या सुशीला मीणा या छोट्या मुलीचा बॉलिंगचा व्हिडिओ सचिनने २०२४ च्या डिसेंबरमध्ये टाकला होता, तेव्हा ज्याची आठवण काढली तो.

माणूस एकच, पण घरात तीन वेगवेगळे झहीर. म्हणून ठरवलं की इतिहास नीट मांडायचा. तोही आपल्याच गावच्या माणसाचा.

श्रीरामपूर ते नैरोबी

झहीरचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ चा, श्रीरामपूरचा. आजूबाजूला ऊस आणि साखर कारखाने, गावाचं नाव श्रीरामपूर पण रेल्वे स्टेशनचं नाव बेलापूर. आपल्या नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आता अहिल्यानगर जिल्ह्यातलं, अगदी नेहमीचं तालुक्याचं गाव. हुशार पोराने इंजिनिअर व्हायचं, हे तेव्हाही ठरलेलं होतं. फरक एवढाच की झहीरने इंजिनिअरिंगची वाट सोडली आणि मुंबई गाठली. वडिलांनीच त्याला बळ दिलं. इंजिनिअर देशात ढीगभर आहेत, तू फास्ट बॉलर हो, असं ते म्हणाल्याचा किस्सा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. (मी बीटेक पूर्ण केलं. त्या ढिगातला एक मी!)

मुंबईत तो पोचला सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये. नाईक म्हणजे १९७०-७१ ला मुंबईला रणजी जिंकून देणारे कॅप्टन. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे. पुढे चेन्नईचं एमआरएफ पेस फाउंडेशन, मग बडोद्याकडून रणजी. २०००-०१ च्या रणजी फायनलमध्ये बडोद्याने रेल्वेला २१ रनांनी हरवलं. त्या मॅचमध्ये झहीरच्या ८ विकेट आणि मॅन ऑफ द मॅचही तोच.

त्याआधी, ऑक्टोबर २००० मध्ये, तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. नैरोबीत. स्पर्धेचं नावच होतं आयसीसी नॉकआउट. क्वार्टर फायनल ऑस्ट्रेलियाशी, तारीख ७ ऑक्टोबर, म्हणजे त्याचा बाविसावा वाढदिवस. त्या दिवशी त्याने स्टीव्ह वॉला यॉर्करवर बोल्ड काढला. भारत २० रनांनी जिंकला.

आता मला सांगा, मोठ्या मॅचला घाबरणारा पोरगा हे करतो का?

२३ मार्च २००३

मामांची बाजू आता नीट ऐकू. जोहान्सबर्ग. गांगुलीने टॉस जिंकून बॉलिंग घेतली. नवा बॉल झहीरच्या हातात. समोर गिलख्रिस्ट आणि हेडन. पहिल्या ओव्हरमध्ये नो बॉल, वाइड, आणि एकूण १५ रन. ऑस्ट्रेलियाने पुढे २ बाद ३५९ केले, पाँटिंग नाबाद १४०. झहीरचे आकडे: ७ ओव्हर, ६७ रन, शून्य विकेट. भारत १२५ रनांनी हरला.

मामा म्हणतात, "पहिल्या ओव्हरलाच मॅच गेली. टीव्ही बंद करावासा वाटला रे."

भावना खरी आहे. हिशोब मात्र वेगळं सांगतो. ती ओव्हर अख्खी पुसून टाका. ३५९ मधून १५ गेले, राहिले ३४४. आपण किती केले? २३४. तरीही शंभरच्या वर फरक राहतो. त्याच दिवशी श्रीनाथला १० ओव्हरमध्ये ८७ पडले आणि त्यालाही एकही विकेट नाही. ती त्याची शेवटची वनडे होती. पण कुणी श्रीनाथचं नाव काढतं का? नाही, कारण पहिली ओव्हर त्याची नव्हती. आपल्याला सुरुवात लक्षात राहते.

आणखी एक गोष्ट. त्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून सगळ्यात जास्त विकेट झहीरच्याच होत्या, १८. न्यूझीलंडविरुद्ध पहिल्याच ओव्हरमध्ये लागोपाठच्या बॉलवर मॅकमिलन आणि अ‍ॅस्टल. सेमीफायनलला केनियाविरुद्ध १४ रनांत ३. म्हणजे ज्याने फायनलपर्यंत आणलं, त्यालाच फायनलसाठी शिव्या. समजा सेमीफायनललाच हरून घरी आलो असतो, तर झहीरवर हा डाग लागलाच नसता! लेब्रॉनचंही तेच. दहा फायनलपैकी सहा हरला म्हणून कमी, पण त्या सहा वेळा आधीच बाहेर पडला असता तर? रेकॉर्ड चारपैकी चार. जास्त चकाचक आणि जास्त खोटं.

मधली आठ वर्षं

हा भाग कुणाच्याच आठवणीत नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा हाच वाटतो.

२००३ नंतर झहीर दुखापतींनी बेजार होता. पायाचे स्नायू, टीममधून आत-बाहेर. इरफान पठाण, आर. पी. सिंग असे तरुण डावखुरे बॉलर येत होते. लोकांनी त्याला जवळजवळ मोडीत काढलं होतं. २००६ मध्ये तो इंग्लंडला गेला, वूस्टरशायर काउंटीकडे. टीव्हीवर आपल्याकडे काही दिसत नाही, मैदानात शे-दोनशे माणसं, आणि आज मॅच, परवा मॅच. त्या एका सीझनमध्ये त्याने ७८ विकेट काढल्या. रन-अप आखूड केला, बॉल टाकतानाची उंच उडी कमी केली. वेग थोडा गेला, पण शरीर टिकलं आणि बॉल हवा तिथे पडायला लागला.

त्याच वर्षाच्या शेवटी तो टीममध्ये परतला. डिसेंबर २००६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदा टेस्ट जिंकली, कुठे? त्याच वाँडरर्सवर, आणि टीममध्ये झहीर होता. २००७ ला ट्रेंट ब्रिजला इंग्लंडच्या खेळाडूंनी पिचवर जेली बीन्स टाकून त्याला चिडवलं, त्याने मॅचमध्ये ९ विकेट काढल्या. १९८६ नंतर पहिल्यांदाच आपण इंग्लंडमध्ये सिरीज जिंकली.

२ एप्रिल २०११

आता माझी बाजू. नऊ मॅच, २१ विकेट, आफ्रिदीच्या बरोबरीने स्पर्धेत सगळ्यात जास्त. बंगळुरूला इंग्लंड आरामात जिंकत होतं, तेव्हा झहीरने लागोपाठच्या बॉलवर बेल आणि स्ट्रॉसला काढलं आणि मॅच टाय झाली. क्वार्टर फायनलला माइक हसीला नकल बॉलवर बोल्ड केला.

आणि फायनल. ५ ओव्हर, ३ मेडन, ६ रन, १ विकेट. थरंगा स्लिपमध्ये सेहवागकडे कॅच. वानखेडेच्या त्या पिचची जबाबदारी ज्या क्युरेटरकडे होती त्यांचं नाव सुधीर नाईक. गुरूने पिच बनवलं, शिष्याने त्यावर पहिला बॉल टाकला. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगतो, कारण मामांनी मला इथे पकडलं. फायनलमधले झहीरचे पूर्ण आकडे काय? १० ओव्हर, ६० रन, २ विकेट. म्हणजे पहिल्या पाचात ६ आणि पुढच्या पाचात ५४! इनिंगच्या शेवटच्या बॉलवर परेराने त्याला सिक्स मारला. गंभीरचे ९७ आणि धोनीचे नाबाद ९१ झाले नसते, तर आज आपण तीन मेडनबद्दल बोललो असतो की ५४ रनांबद्दल?

मी गप्प झालो. मामा हसले.

पाच मॅचचा हिशोब

मग मी इंजिनिअर माणूस करतो तेच केलं. मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडला. वर्ल्ड कपच्या नॉकआउट मॅच झहीर एकूण पाच खेळला. २००३ ची सेमी १४ रनांत ३, फायनल ६७ रन आणि शून्य विकेट. २०११ ला क्वार्टर ५३ रनांत २, सेमी ५८ रनांत २, फायनल ६० रनांत २. बेरीज: २५२ रन, ९ विकेट. सरासरी बरोबर २८.

त्याची अख्ख्या करिअरची वनडे सरासरी २९.४३, २०० मॅच आणि २८२ विकेट. म्हणजे नॉकआउटमध्ये तो नेहमीपेक्षा किंचित चांगलाच होता. मी जिंकलो!

तेवढ्यात मामांचा मुलगा म्हणाला, "दादा, पण वर्ल्ड कपमधली त्याची सरासरी किती?" बघितलं. २०.२२. म्हणजे वर्ल्ड कपमध्ये तो जबरदस्त, आणि नॉकआउट आली की विसावरून अठ्ठावीसवर. मामा जिंकले.

आता गंमत बघा. पाचातून २००३ ची फायनल काढा, सरासरी होते २०.५. ती परत घाला आणि केनियाची मॅच काढा, होते जवळपास ४०. एक मॅच इकडे-तिकडे केली की तोच माणूस एकदा महान, एकदा फुसका. ऑफिसमध्ये मी पाच रेकॉर्डवर काही सिद्ध करायला गेलो तर सिनियर मला बाहेर काढेल. पण खेळाडूचं अख्खं नाव आपण पाच दुपारींवर तोलतो. त्याच्या बाकीच्या १९५ वनडे, ९२ टेस्टमधल्या ३११ विकेट, वूस्टरच्या त्या ७८, या सगळ्या जणू झाल्याच नाहीत.

म्हणून माझं उत्तर असं: मोठ्या मॅचचा बॉलर होता की नाही, हे पाच मॅचवरून ठरतच नाही. २००३ चा झहीर घाबरट नव्हता आणि २०११ चा देव नव्हता. खरा फरक मधल्या आठ वर्षांत पडला, आणि त्यातलं बरंचसं काम कुणी बघत नसताना झालं.

मी हा एपिसोड का केला

आता घरचं सांगतो. मामांचा मुलगा पण बॉलर आहे, तोही डावखुरा. मार्चमध्ये एका स्पर्धेच्या सेमीफायनलला शेवटची ओव्हर त्याच्याकडे आली, वाचवायचे होते १४. दोन वाइड, दोन सिक्स, मॅच गेली. तेव्हापासून बूट ओट्यावर पडून होते आणि हा पहाटे मैदानाऐवजी मोबाईलसमोर. "फायनल आली की हातपाय गळतात," हे मामा त्या सकाळी झहीरबद्दल बोलले खरे. पण ऐकणारा झहीर नव्हता. त्याने मान खाली घातलेली मी बघितली. मामांनी नाही बघितली.

सगळा हिशोब झाल्यावर पोरगं एकच प्रश्न विचारून गेलं. "दादा, रन-अप आखूड केला तर वाइड कमी पडतात का रे?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं, जाऊन टाकून बघ.

मामांचं मत अजून बदललेलं नाही. काल फोनवर पण म्हणाले, "ती पहिली ओव्हर काही मी विसरायचो नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "हा मात्र सहालाच जातो आता. बूट नवे मागतोय."

तर मंडळी, तुमच्या घरात झहीर कोणता आहे, २००३ चा की २०११ चा? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी ऐकवतो. आणि घरातल्या कुणाची एखादी ओव्हर वाईट गेली असेल, तर त्याच्यासमोर जरा जपून बोला. भेटू पुढच्या एपिसोडला.