मत्स्यसाठा प्रतिमाने व पालघर किनारा

समुद्रातील एखाद्या जातीच्या माशांची वाढ, प्रजनन, नैसर्गिक मृत्यू व मासेमारीमुळे होणारी घट यांचे परस्परसंबंध समीकरणांत मांडून, संगणकाच्या साहाय्याने साठ्याचा अंदाज घेण्याच्या साधनास मत्स्यसाठा प्रतिमान म्हणतात. किती व केवढी मासळी पकडली असता अन्नाचा हा स्रोत टिकून राहील, हे ठरविण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

इतिहास : रशियन शास्त्रज्ञ बारानोव्ह यांनी १९१८ मध्ये मासेमारीचे गणित मांडले. शेफर यांनी १९५४ मध्ये महत्तम शाश्वत उत्पादनाचे, तर बेव्हर्टन व होल्ट यांनी १९५७ मध्ये माशांच्या प्रत्येक पिढीपासून मिळणाऱ्या उत्पादनाचे प्रतिमान प्रसिद्ध केले. थंड समुद्रांतील माशांचे वय खवल्यांवरील वलयांवरून काढता येते; उष्ण कटिबंधात ही वलये अस्पष्ट असतात. ही अडचण दूर करण्यासाठी पाउली व डेव्हिड यांनी १९८१ मध्ये केवळ लांबीच्या नोंदींवरून वाढीचा दर काढणारी ‘एलेफान’ ही संगणकीय आज्ञावली तयार केली. भारतात हे कार्य मुख्यतः केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने (स्थापना १९४७) केले. बंदरांवर उतरणाऱ्या मासळीची नमुना-पाहणी व लांबीची मोजणी हा त्याचा पाया होय.

पालघर किनारा : १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात डहाणू, तारापूर, सातपाटी, केळवे, अर्नाळा ही मासेमारीची गावे आहेत. कोळी, मांगेला, वैती इ. समाजांची उपजीविका या व्यवसायावर चालते. सातपाटी हे पापलेटसाठी (सरंगा) विशेष प्रसिद्ध आहे. यांत्रिक नौका व नायलॉनची जाळी आल्यावर मासेमारीचा आवाका वाढला, परंतु पुढे पापलेटचे उत्पादन घटत गेले.

या घटीचा उलगडा करण्यास प्रतिमाने उपयोगी पडली. लहान मासा वेगाने वाढतो; तो वाढण्यापूर्वीच पकडल्यास नगांची संख्या मोठी दिसली, तरी एकूण वजन घटते आणि अंडी घालणारे मासे कमी होतात. मोठ्या आसाच्या जाळ्यातून लहान पापलेट निसटते. उलट, भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधलेल्या डोल जाळ्यात बोंबील व जवळ्याबरोबर पापलेटची पिलेही सापडतात. म्हणून केवळ नौकांची संख्या नव्हे, तर जाळ्याचा प्रकार व आस यांवरही नियंत्रण आवश्यक ठरते. मात्र हा उपाय डोलधारकांच्या रोजच्या मिळकतीवर आघात करणारा असल्याने, तो अंमलात आणणे हा गणिताइतकाच सामाजिक न्यायाचाही प्रश्न आहे.

धोरण : महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये झाला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी २०१५ मध्ये लागू झाली. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला व ५४ जातींसाठी पकडीचे किमान आकारमान ठरविले. पापलेटसाठी ते १३५ मिमी. आहे. असा निर्णय केरळने २०१५ मध्येच घेतला होता.

मर्यादा : प्रतिमानाचे उत्तर त्यात घातलेल्या नोंदींइतकेच विश्वसनीय असते. कॅनडाच्या न्यू फाउंडलंड किनाऱ्यावरील कॉडचा साठा १९८० नंतरच्या दशकात प्रत्यक्षाहून अधिक मानला गेला व १९९२ मध्ये तेथील मासेमारी बंद करावी लागली. साध्या प्रतिमानांत नैसर्गिक मृत्युदर स्थिर धरतात. प्रदूषणाने किंवा पिलांच्या वाढीच्या जागा नष्ट झाल्याने होणारी हानी त्यांत वेगळी दिसत नाही व घटीचा सारा दोष जाळ्यांकडे जातो. पालघरच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमार समाजाच्या संघटनेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या वाढवण बंदरालाही मच्छीमारांचा विरोध आहे. संपूर्ण अन्नजाळ्याचा विचार करणारी, पोलोव्हिना यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या ‘इकोपाथ’सारखी प्रतिमाने ही उणीव काही अंशी भरून काढतात. तथापि त्यांना दीर्घकालीन नोंदी लागतात आणि त्यांसाठी मच्छीमारांचा अनुभव व सहकार्य अपरिहार्य ठरते.