घरी बनवलेली स्पोर्ट्स कार सरळ का चालत नाही? स्टीअरिंग आणि सस्पेन्शनचं गणित असं सुधारतात

डिसेंबर २०२१ मध्ये एक व्हिडिओ तुफान व्हायरल झाला होता. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या पार्टपासून, साधारण ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली होती. आनंद महिंद्रांनी तो व्हिडिओ शेअर केला, कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितलं. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही.

असे व्हिडिओ बघितले की अनेकांच्या डोक्यात येतं, वेल्डिंगवाला ओळखीचा आहे, जुनं इंजिन मिळेल, मग आपण का नाही?

पण इंजिन सुरू करणं हा त्यातला सोपा भाग आहे. खरी परीक्षा गाडी चालायला लागल्यावर सुरू होते.

आधी थोडा इतिहास

घरी बांधायच्या स्पोर्ट्स कारची आजी म्हणजे लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये ही छोटी, हलकी, दोन सीटची गाडी आणली. ती सुट्या भागांत विकत मिळायची आणि मालक घरी जोडायचा, त्यामुळे ब्रिटनमधला खरेदी कर वाचायचा. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी २५० पौंडांत अशीच गाडी कशी बांधायची यावर पुस्तक लिहिलं आणि जगभर गॅरेजमध्ये लोखंडी पाइप कापले जाऊ लागले.

आपल्याकडेही याच जातीची एक गाडी तयार झाली, तीही अलिबागला. चिंकारा मोटर्सची रोडस्टर. सेव्हनसारखा उघडा सांगाडा आणि १.८ लिटरचं इसुझू इंजिन.

गडबड नेमकी कुठे होते?

घरी गाडी बांधताना पुढचे नकल एका गाडीचे, स्टीअरिंग रॅक दुसरीचा आणि विशबोन स्वतः वेल्ड केलेले असतात. प्रत्येक पार्ट आपापल्या गाडीत बरोबरच होता. एकत्र आल्यावर त्यांचे कोन जुळत नाहीत. लक्षणं बघा, दुखणं कळतं.

१. वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही: कॅस्टर कमी आहे. चाक ज्या दोन बॉल जॉइंटवर वळतं, त्यातला वरचा खालच्यापेक्षा थोडा मागे हवा. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो, तसंच. जड गाडीसाठी बनवलेले नकल पाचशे-सहाशे किलोच्या गाडीला लावले की स्टीअरिंग मेल्यासारखं वाटतं. अशा हलक्या गाडीला साधारण ४ ते ६ अंश कॅस्टर चालतो. उपाय म्हणजे वरच्या विशबोनच्या बिजागरीतले वॉशर पुढे-मागे करून वरचा जॉइंट मागे सरकवायचा.

२. टायर एकाच बाजूने झिजतो, वळणावर पकड सुटते: कॅम्बर चुकला आहे, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर जास्त कललं आहे. सपाट जमिनीवर रिमला ओळंबा किंवा गुनिया लावा. १३ इंची रिमचा वरचा काठ खालच्यापेक्षा सुमारे ६ मिमी आत असेल तर तो १ अंश निगेटिव्ह कॅम्बर. रस्त्यावरच्या हलक्या गाडीला अर्धा ते दीड अंश पुरतो.

३. सरळ रस्त्यावर गाडी इकडेतिकडे भटकते: टो तपासा. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं किंचित आत हवीत. पुढे मिळून १-२ मिमी पुरे. मागची चाकं बाहेर तोंड करून बसली असतील तर गाडी वळणात अचानक फिरू शकते, म्हणून तीही मोजायचीच.

४. छोट्या वळणात पुढचे टायर घासतात: आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं. व्हीलबेस २.२५ मीटर आणि दोन चाकांमधलं अंतर १.२५ मीटर असेल, तर ५ मीटर त्रिज्येच्या वळणात आतलं चाक सुमारे २७ अंश आणि बाहेरचं २२ अंश वळलं पाहिजे. याला ॲकरमन म्हणतात. ॲकरमन यांनी १८१८ मध्ये लंडनला पेटंट घेतलं, पण कल्पना होती म्युनिकच्या लँकेनस्पर्गर यांची, घोडागाडीसाठी!

५. खड्ड्यात चाक गेलं की गाडी स्वतःच वळते: हा सगळ्यात धोकादायक दोष. नाव बम्प स्टीअर.

बम्प स्टीअर जीवघेणा का?

चाक वर-खाली होताना विशबोन त्याला एका कमानीत फिरवतात. टाय रॉडची कमान वेगळी असेल तर तो चाकाला ओढतो किंवा ढकलतो. तुम्ही स्टीअरिंग घट्ट धरलेलं असतं, तरी चाक वळतं.

आता मीरा-भाईंदरवाल्यांनी डोळ्यासमोर आणा, पावसाळ्यात घोडबंदर रोडचा गायमुख घाट. साध्या गाडीला खड्ड्यात नुसता दणका बसतो. बम्प स्टीअर असलेली गाडी त्याच दणक्यात शेजारच्या कंटेनरकडे तोंड फिरवते. ड्रायव्हरची चूक काहीच नसते.

हे मोजायला महागडं मशीन लागत नाही. गाडी स्टँडवर भक्कम ठेवा, पुढची स्प्रिंग काढा, स्टीअरिंग सरळ ठेवून बांधा. चाकाच्या जागी सपाट फळी घट्ट बसवा. जॅकने ती नेहमीच्या उंचीपासून ५० मिमी वर आणि ५० मिमी खाली न्या. दर १० मिमीला फळीचं पुढचं आणि मागचं टोक किती आत-बाहेर गेलं ते लिहून काढा.

आकडे कागदावर मांडले की उत्तर दिसतं. वर जाताना एका दिशेला आणि खाली जाताना उलट दिशेला वळत असेल, तर टाय रॉडची उंची चुकली आहे. रॅक शिम लावून वर-खाली करा. वर आणि खाली दोन्हीकडे एकाच दिशेला वळत असेल, तर टाय रॉडची लांबी चुकली आहे, म्हणजे रॅकच रुंदीला जुळत नाही. अशा वेळी योग्य रुंदीचा रॅक शोधणं हाच खरा उपाय.

क्रम चुकला की मेहनत वाया

अनेक जण थेट टोपासून सुरुवात करतात. तसं करू नका. क्रम असा ठेवा:

- आधी बुश, बॉल जॉइंट, बेअरिंगमधला खेळ काढा. ढिल्या पार्टवर अलाइनमेंट टिकत नाही.
- टायरमध्ये बरोबर हवा भरा. सीटवर तुमच्या वजनाइतक्या गोणी ठेवा. मग गाडीची उंची ठरवा.
- कॅस्टर, मग कॅम्बर.
- मग बम्प स्टीअर. कारण कॅस्टर बदलला की स्टीअरिंग आर्मचं टोकही वर-खाली होतं.
- टो सगळ्यात शेवटी. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरी ताणून रिमच्या पुढच्या-मागच्या काठापर्यंतचं अंतर मोजायचं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.

आणि काही गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. स्टीअरिंग आर्म तापवून वाकवायचा नाही. टाय रॉड मधे कापून, जोड देऊन घरगुती वेल्डिंग करायचं नाही. इथला एक जोड तुटला तर ब्रेक मारायलाही वेळ मिळत नाही.

मग ही गाडी रस्त्यावर चालवता येते का?

थेट उत्तर, नाही. नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. नव्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी करून घ्यावी लागते. जुन्या गाडीचा सांगाडा बदलून वापरू म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

शौक असेल तर बंद ट्रॅक किंवा खासगी जागा आहे. इंजिनिअरिंगला असाल तर फॉर्म्युला भारत, सुप्रा एसएईइंडिया यांसारख्या स्पर्धा आहेत. तिथे गाडी ट्रॅकवर जाण्याआधी परीक्षक स्टीअरिंग आणि सस्पेन्शन तपासतात. घरच्या गॅरेजमध्ये असा परीक्षक नसतो. त्यामुळे पहिल्या चक्कर आधी प्रत्येक नट-बोल्ट एखाद्या जाणत्या मेकॅनिकला दाखवा, हेल्मेट घाला, आणि पहिले काही किलोमीटर चालण्याच्या वेगानेच जा.