मालाचे रक्षण आणि कायद्याची वेस



रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या रिक्षाची बॅटरी जाते, टेंपोची स्टेपनी जाते, ट्रकच्या टाकीतले डिझेल जाते. वर्तमानपत्रांना ही बातमी वाटत नाही. परंतु ज्याचे पोट त्या चाकावर चालते, त्याची दुसऱ्या दिवशीची चूल या चोरीने थंड पडते. चोर हाती लागला तर त्याचे हातपाय मोडावेत असे अशा माणसाला वाटले, तर ते मनुष्यस्वभावाला सोडून नाही. प्रश्न असा की, कायदा त्याला कुठवर जाऊ देतो आणि तिथेच का थांबवितो? या 'का'चे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

ज्यू लोकांच्या प्राचीन धर्मशास्त्रात असा नियम आहे की, रात्री घर फोडताना सापडलेला चोर मारला गेला तर मारणाऱ्यास रक्तपाताचा दोष नाही. पण सूर्य उगवल्यावर मारला तर दोष आहे. रोमच्या बारा पट्टांतही, म्हणजे इ. स. पू. 450 च्या सुमारास, रात्रीच्या चोरास मारण्याची मुभा होती. दिवसाच्या चोराने शस्त्र उगारले तरच ती मिळे. चोरी तीच, माल तोच. मग रात्र आणि दिवस असा भेद का? कारण उघड आहे. अंधारात घरात शिरलेला माणूस भांडी न्यायला आला आहे की गळा कापायला, हे झोपेतून दचकून उठलेल्याला कळत नाही. म्हणजे ही मुभा भांड्यांसाठी नव्हतीच. ती जिवाच्या भीतीसाठी होती. आजचा आपला कायदाही याच पायावर उभा आहे.

हा पाया मालदारांना नेहमीच रुचला असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील जमीनमालक आपल्या रानांत व बागांत तार बांधलेल्या बंदुका लपवून ठेवीत. तारेला पाय लागला की गोळी सुटे. 1825 साली ब्रिस्टलजवळ एकाने आपल्या ट्यूलिपच्या फुलांसाठी अशी बंदूक लावली. शेजारची लांडोर बागेत शिरली. ती आणून द्यावी म्हणून एक पोरगा भरदिवसा भिंत चढून आत उतरला आणि पायाला गोळी लागून जबर जखमी झाला. 1828 साली न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच्या आदल्याच वर्षी, 1827 मध्ये, पार्लमेंटने अशा बंदुकांवर बंदी घातली होती. सूट ठेवली ती फक्त राहत्या घरापुरती, आणि तीही सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. पुन्हा तोच रात्रीचा आणि दिवसाचा भेद!

आपल्याकडेही असा खटला झाला. बिहारमध्ये एका गृहस्थाने शेजाऱ्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून वाटेत विजेची उघडी तार लावली. शेजारची एक स्त्री तिला चिकटून मेली. ती परक्याच्या जागेत शिरली होती, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली मान्य केला नाही व शिक्षा कायम केली. रात्री गाडीच्या पत्र्यात वीज सोडून ठेवण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

आता आपल्या दंडविधानाकडे वळू. मेकॉलेच्या आयोगाने 1837 साली मसुदा केला, 1860 साली त्याचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1862 पासून तो अमलात आला. लोकांनी निमूटपणे लूट सोसू नये, अशी मसुदाकारांची इच्छा होती. म्हणून स्वसंरक्षणाचा हक्क त्यांनी बराच सढळ ठेवला. दरोडा, जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, अशा प्रसंगी मालाच्या रक्षणासाठी जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो. साध्या चोरीत तो तेथवर पोहोचत नाही. चोराला अडवावे, धरावे, झटापटीत त्याला लागले तर लागले. पण गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही. त्याने टॉमी उगारली आणि मृत्यूचे किंवा जबर दुखापतीचे वाजवी भय निर्माण झाले, तर गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तत्त्वे कलम 34 ते 44 मध्ये जशीच्या तशी आली आहेत.

हा हक्क संपतो कधी? आमच्या कामगार चळवळीला बँक लवादामुळे परिचित असलेले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी 1962 सालच्या एका निकालात याचा उलगडा केला. जमिनीच्या तंट्यात पळून जाणाऱ्यांवर गोळ्या झाडलेल्या होत्या. धोका टळला की स्वसंरक्षणाचा हक्कही संपला, असे त्यांनी ठरविले. त्यापुढे जे घडते ते रक्षण नव्हे, सूड होय.

2019 साली झारखंडमध्ये मोटारसायकल चोरल्याच्या संशयावरून एका तरुणाला खांबाला बांधून जमावाने मारले; काही दिवसांनी तो मेला. 2023 साली दहा जणांना दहा-दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. संशय नेहमी परक्यावर, गरिबावर, फाटक्या कपड्यांवर आधी जातो. कायद्याची वेस मोडली की पहिला बळी त्याचाच पडतो.

परंतु या वेशीला दुसरी बाजू आहे. सरकारकडे धाव घेण्यास वेळ असेल तेथे स्वतः बळ वापरू नये, असे कायदा सांगतो. हा करार आहे. नागरिकाने हात आवरायचा, सरकारने त्याचा माल राखायचा. नव्या संहितेत पाच हजार रुपयांखालची, प्रथमच दोषी ठरणाऱ्याची चोरी अदखलपात्र केली आहे. माल किंवा किंमत परत केल्यास समाजसेवेची शिक्षा आहे. भुकेल्या पोराला तुरुंगाऐवजी ही शिक्षा मिळाली तर मला आनंदच आहे. पण जुनी बॅटरी या रेषेखालीच भरते, आणि दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. मग चालकाने जावे कोठे?

उत्तर बाजारात आहे. चोरलेले चाक कोणी खात नाही; ते कोणीतरी विकत घेतो. 1860 च्या कायद्याने चोराला आणि जाणूनबुजून चोरीचा माल घेणाऱ्याला सारखीच, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली होती. तरी मार बसतो तो पोराला. दुकानदार गल्ल्यावर बसून राहतो. मोटारीच्या धुराड्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असलेली धूर शुद्ध करणारी पेटी असते. तिच्या चोऱ्या परदेशांत फार झाल्या, त्या या धातूंना गिऱ्हाईक होते म्हणून. इंग्लंड-वेल्समध्ये 2013 च्या कायद्याने भंगारवाल्याला परवाना सक्तीचा केला आणि रोखीने भंगार घेण्यास बंदी घातली. रोग कोठे आहे हे तेथे ओळखले गेले.

आपणही बॅटरीवर खूण कोरून ठेवावी, खरेदीची पावती जपावी, तक्रारीची पोच घेतल्याशिवाय चौकी सोडू नये, आणि एकेकट्याने नव्हे, संघटनेने मिळून जावे. स्वस्तातली, बिनपावतीची स्टेपनी घेणारा गिऱ्हाईक पुष्कळदा आपल्यातलाच असतो, हेही विसरू नये. सरकारला त्याच्या कराराची आठवण करून देण्याचा अधिकार, आपले हात स्वच्छ असतील तरच आपल्याला राहील.