म्हाडा, भाडेकरू आणि ७० टक्क्यांचं गणित

या शनिवारी कोड बाजूला, विषय विटामातीचा. मुंबईत 'पुनर्विकास' म्हटलं की आपल्याला टॉवर आणि बिल्डर आठवतो. पण यामागे पन्नासेक वर्षांचा एक जुना प्रश्न आहे. मोडकळीला आलेली चाळ नव्याने उभी करायची, तर सरकारी गृहनिर्माण मंडळाने नेमकं काय करायचं? स्वतः बांधायचं, भाडेकरूंना बांधायला बळ द्यायचं, की बिल्डरला आमिष दाखवायचं? आपल्या मुंबईने तिन्ही करून पाहिलंय!

आधी दुखणं काय ते बघू. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. महायुद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचंच होतं, नाहीतर गिरणीकामगार रस्त्यावर आला असता. पण पुढे महागाई वाढत गेली आणि भाडं तिथेच राहिलं. मालक म्हणे, या भाड्यात प्लास्टरसुद्धा होत नाही. भाडेकरू म्हणे, इमारत तुझी, तूच दुरुस्त कर. या भांडणात दर पावसाळ्यात कुठेतरी जिना, कुठेतरी आख्खी भिंत खाली यायची.

पहिला उपाय १९६९ चा. सरकारने इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ काढलं आणि शहर भागातल्या जुन्या खासगी इमारतींवर उपकर बसवला. 'सेसची बिल्डिंग' हा शब्द तिथून आला. अशा इमारती भरल्या १९,६४२. त्यातल्या १६,५०२ तर सप्टेंबर १९४० च्या आधीच्या! १९७७ मध्ये म्हाडा झाली आणि हे मंडळही तिच्या पोटात गेलं. कल्पना सरळ होती, सगळ्यांनी थोडे पैसे टाकायचे आणि त्यातून मंडळाने टेकू लावायचे, दुरुस्त्या करायच्या, फारच वाईट असेल तिथे नवी इमारत बांधायची. पण उपकराचा पैसा एवढ्या पसाऱ्याला कधीच पुरला नाही. त्यात घर रिकामं करून संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबं वर्षानुवर्षं तिथेच अडकली. शेजारपाजारच्यांनी ते बघितलं आणि ठरवलं, पडली तरी चालेल, पण खोली सोडायची नाही.

दुसरा उपाय मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, आणि तोच कमी लोकांना माहीत असतो. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात प्रकरण ८-अ घातलं गेलं. इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकार ती इमारत आणि जमीन संपादित करून त्यांच्या संस्थेला देऊ शकेल. मालकाला मोबदला किती, तर महिन्याच्या भाड्याच्या १०० पट. म्हणजे ५० रुपये भाड्याच्या खोलीमागे ५,००० रुपये. मालक कोर्टात गेले नसते तरच नवल. मुंबई उच्च न्यायालयाने तरतूद वैध ठरवली, मग १९९२ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' म्हणजे काय या घटनात्मक मुद्द्यावर थेट नऊ न्यायमूर्तींपुढे पोचलं. निकाल आला ५ नोव्हेंबर २०२४ रोजी: प्रत्येक खासगी मालमत्ता काही या व्याख्येत बसत नाही. बत्तीस वर्षं! तोवर खोलीत पाळण्यात असलेलं पोर बापाच्या वयाला आलं.

दरम्यान तिसरा उपाय धावू लागला होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम ३३(७). इथेही तेव्हा ७० टक्के संमती लागायची, पण सह्या बिल्डरच्या कागदावर. शहरात एरवी १.३३ एफएसआय, इथे जास्त. त्यातून भाडेकरूंना फुकट घर, उरलेलं बिल्डरने विकायचं. म्हाडाचं काम पात्रतेची यादी तपासणं आणि ना-हरकत देणं. सरकारी तिजोरीतून दमडी न जाता हजारो कुटुंबांना घरं मिळाली, हे मान्य करायलाच हवं. पण जिथे विकायच्या फ्लॅटला भाव, तिथेच बिल्डर येणार. अरुंद गल्लीतली, छोट्या प्लॉटवरची, माणसांनी खच्चून भरलेली इमारत त्याच्या हिशोबात बसत नाही. म्हणून २००९ मध्ये समूह पुनर्विकासाला ४ एफएसआय दिला. तरी ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडली. ३३ माणसं गेली.

आता बीडीडी चाळींकडे बघा. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या २०७ चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्या. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचं काम म्हाडाने स्वतः अंगावर घेतलं. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. इथे जमीन सरकारचीच, त्यामुळे मालकाचा प्रश्नच नव्हता. पण माझ्या मते आणखी एक गोष्ट होती. काम अडलं तर दार कुणाचं ठोठवायचं, हे लोकांना माहीत होतं.

सगळ्या इतिहासात मला हेच सूत्र दिसतं. प्रोत्साहन म्हणून आपण एफएसआय मोजत बसतो, पण म्हाताऱ्या आजीला खोली सोडायला तयार करतो तो परत येण्याचा भरवसा. आमच्या धंद्यात जुनी सिस्टीम बंद करण्याआधी परतीची वाट तयार ठेवतात. इथे ती वाट म्हणजे वेळेवर मिळणारं पर्यायी भाडं, लिहून दिलेली मुदत, आणि बिल्डर पळालाच तर काम पुरं करणारं कुणीतरी. शेवटचं काम मंडळाशिवाय कोण करणार? नुसतं ना-हरकत देऊन हात झटकणं म्हणजे सगळी जोखीम सर्वात दुबळ्याच्या गळ्यात घालणं.

असो. तुमच्या इमारतीत उद्या संमतीपत्र फिरलं, तर नवं घर किती फुटांचं हे विचारालच. त्याआधी एवढं विचारा: काम थांबलं तर माझं भाडं कोण भरणार, आणि ते कुठे लिहिलंय?